हिमगाडीचें इंजिन अशक्त कां होतें ?

आपल्याकडे बर्फ म्हणजे सरबतांत घालावयाचा किंवा मासळीच्या टोपल्यांत भरावयाचा पदार्थ. परंतु पृथ्वीच्या उत्तर भागांतील पुष्कळ देशांत वर्षांतील कित्येक महिने जमीन बर्फाखालीं झांकलेली असते. कॅनडा, अमेरिकेंतील मिनेसोटा व अलास्का, तसेंच नॉर्वे, स्वीडन व फिनलंड यांचे उत्तरेकडील प्रांत, या ठिकाणीं हिवाळा लागला म्हणजे रस्ता, शेत आणि तळें यांतील भेद नाहींसा होतो. घोडा पोटापर्यंत रुततो आणि मोटारीचीं चाकें जागच्या जागीं गरगर फिरतात. पूर्वीं तेथील लोक कुत्र्यांच्या किंवा रेनडिअर जनावरांच्या घसरगाड्यांनीं प्रवास करीत. आज त्यांचें बरेंचसें काम स्नोमोबिल नांवाचें यंत्र करतें. आपण त्यास हिमगाडी म्हणूं. ही गाडी वाटेंत अशक्त झाली, म्हणजे तिच्या इंजिनाचा जोर कमी पडूं लागला, तर त्याचें कारण कसें शोधावें हें या लेखांत सांगावयाचें आहे. बर्फ न पाहिलेल्या आपल्या विद्यार्थ्यांस याचा उपयोग काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु कारण शोधण्याची रीति सर्व यंत्रांस सारखीच आहे, आणि या गाडीचे कित्येक भाग आपल्या दारांत उभ्या असलेल्या स्कूटरमध्येंहि आहेत.

प्रथम तिचा जन्म कसा झाला तें थोडक्यांत पाहूं. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत वॅलकूर नांवाच्या गांवीं जोसेफ-आर्मां बॉम्बार्दिए या नांवाचा एक मोटार दुरुस्त करणारा कारागीर राहात असे. बर्फावरून चालणारें वाहन करण्याचा त्याचा प्रयत्न लहानपणापासून चालू होता. १९३४ सालच्या हिवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकारानें एकाएकीं आजारी पडला. रस्ते बर्फानें बुजलेले, रुग्णालय दूर, आणि बापानें करावयास घेतलेलें वाहन अद्यापि अपुरें. तें मूल वांचलें नाहीं. या आघातानंतर बॉम्बार्दिए याचा उद्योग थांबला नाहीं. १९३७ सालीं दांतेरी चाक व रबरी पट्टा यांच्या योजनेचें पेटंट त्यास मिळालें. पुढें १९५९ सालीं त्याच्या कारखान्यानें ‘स्की-डू’ नांवाची लहान व हलकी गाडी विक्रीस काढली. तिच्या पहिल्या नमुन्यांपैकीं एक ओंटारिओ प्रांताच्या उत्तरेस लॅन्सडाऊन हाऊस येथें काम करणारे मिशनरी फादर मॉरिस विमे यांजकडे गेला. सारांश, या गाडीच्या मुळाशीं खेळ नसून गरज होती. आज ती खेळासाठींहि पुष्कळ वापरतात, तथापि शिकारी, रेनडिअर राखणारे, पोलीस आणि जखमी माणसास बाहेर काढणारीं पथकें यांस ती अजूनहि तितकीच आवश्यक आहे.

यावरूनच इंजिनाच्या अशक्तपणाचें महत्त्व ध्यानांत येईल. आपल्याकडे स्कूटर बंद पडली तर ती ढकलीत जवळच्या दुकानापर्यंत नेतां येते. परंतु उणे ३० अंश थंडींत, मनुष्यवस्तीपासून चाळीस मैलांवर, कमरेइतक्या बर्फांत पाव टनाहून अधिक वजनाची गाडी कोण ढकलणार ? म्हणून तेथील जाणता मनुष्य गाडी पूर्ण बंद पडण्याची वाट पाहात नाहीं. जोर किंचित् कमी झाला कीं तो थांबतो व कारण शोधतो. अशक्तपणा ही यंत्रानें दिलेली सूचना होय. ती वेळेवर ऐकली तर दोन रुपयांचें काम, न ऐकली तर दोन हजारांचें, असें आपल्याकडील कारागीरहि म्हणतात.

आतां गाडीची रचना पाहूं. पुढें दोन पट्ट्या असतात, त्यांनीं दिशा बदलतां येते. त्यांस स्की म्हणतात. मागें खालच्या बाजूस रुंद रबरी माळ असते. ती फिरली म्हणजे बर्फास मागें लोटते व गाडी पुढें जाते. मध्यें इंजिन. बहुतेक गाड्यांचें इंजिन दोन सिलिंडरांचें व दोन धक्क्यांचें, म्हणजे टू-स्ट्रोक असतें. आपल्याकडील जुन्या स्कूटरींत व रिक्षांत पेट्रोलबरोबर तेल घालावें लागे, त्याच जातीचें. अलीकडे चार धक्क्यांचीं इंजिनेंहि पुष्कळ निघालीं आहेत. इंजिनाची शक्ति थेट माळेकडे जात नाहीं. इंजिनाच्या दांड्यावर एक पुली असते, तिला चालक क्लच म्हणतात. तिच्यावरून रबरी पट्टा दुसऱ्या पुलीवर, म्हणजे चालित क्लचवर जातो. तेथून तेलाच्या पेटींतील साखळीनें किंवा दुसऱ्या पट्ट्यानें माळेच्या दांतेरी चाकांस गति मिळते. गिअर बदलावे न लागणाऱ्या आपल्या स्कूटरमध्यें हीच युक्ति आहे. पुलीच्या दोन निमुळत्या तबकड्या असतात. वेग वाढला कीं आंतील वजनें बाहेर फेंकलीं जाऊन तबकड्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. त्याच वेळीं दुसऱ्या पुलीच्या तबकड्या फांकतात व तेथें पट्टा खोल उतरतो. अशा रीतीनें गिअर आपोआप बदलत जातो.

ही रचना समजली म्हणजे मुख्य गोष्ट सहज पटेल. गाडीचा जोर कमी झाला, याचा अर्थ इंजिनाचा जोर कमी झाला असा होत नाहीं. इंजिन उत्तम असूनहि त्याची शक्ति वाटेंत गळत असेल. उलट, वाट निर्दोष असून इंजिनच कमजोर असेल. तेव्हां हत्यारें बाहेर काढण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा : पूर्ण जोर दिला असतां इंजिनाचे फेरे किती होतात ? हे फेरे दाखविणारी तबकडी बहुतेक गाड्यांत डोळ्यांसमोरच असते. पुष्कळ टू-स्ट्रोक इंजिनें मिनिटास सुमारें ८,००० फेऱ्यांवर आपली सर्वांत अधिक शक्ति देतात. नेमका आंकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकांत दिलेला असतो.

फेरे पुरे पडत आहेत किंवा उलट वाढले आहेत, पण गाडी पुढें सरत नाहीं, असें झाल्यास पट्टा घसरत आहे असें समजावें. त्याबरोबर जळक्या रबराचा वास आला तर शंकाच नको. पट्टा झिजून अरुंद झाला असेल, त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या असतील, अथवा त्यावर वितळलेलें बर्फ लागून तो ओला झाला असेल. पट्टा काढून मोजावा. निर्मात्यानें सांगितलेल्या मर्यादेपेक्षां तो अरुंद असेल तर नवा घालावा. तबकड्यांवर काळा थर असल्यास तो पुसून काढावा. प्रत्येक प्रवाशानें एक जादा पट्टा बरोबर ठेवावा, असा त्या देशांत नियमच आहे म्हटलें तरी चालेल.

आतां दुसरा प्रकार. पूर्ण जोर देऊनहि फेरे कमी पडतात व इंजिन कुंथत चालतें. येथें पुन्हां दोन शक्यता आहेत : इंजिन अशक्त आहे, किंवा त्यावर वाजवीपेक्षां अधिक ओझें पडत आहे. ओझें तपासणें सोपें, म्हणून तें आधीं. इंजिन बंद करून गाडीचा मागील भाग मजबूत घोड्यावर उचलून ठेवावा व माळ हातानें फिरवून पाहावी. ती जड जात असेल तर ती फाजील ताणलेली आहे, ब्रेक चिकटून राहिला आहे, एखादें बेअरिंग गेलें आहे, अथवा चाकांमध्यें बर्फ गोठून बसलें आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडींत हा शेवटचा प्रकार वारंवार होतो. माळ सहज फिरत असेल तर क्लचमधील वजनें व स्प्रिंग पाहावे. तेथील स्प्रिंग थकला किंवा मोडला तर पट्टा वेळेपूर्वीं वर चढतो. मग चढावर शेवटच्या गिअरमध्यें मोटार चालविणाऱ्यासारखी इंजिनाची दमछाक होते.

हें सर्व ठीक असेल तरच इंजिनाकडे वळावें. इंजिनास काय काय लागतें ? स्वच्छ हवा, योग्य प्रमाणांत इंधन, पुरेसा दाब, वेळेवर ठिणगी, आणि धूर बाहेर जाण्यास मोकळी वाट. या पांचांपैकीं एक उणें पडलें कीं शक्ति घटते.

हवेची वाट भुसभुशीत बर्फानें बुजते. शिवाय एक मौजेची गोष्ट म्हणजे उंदीर ! उन्हाळाभर गाडी कोठारांत पडून असते. तेवढ्यांत उंदीर हवेच्या पेटींत किंवा धुराच्या नळींत कापूस-चिंध्या नेऊन घरटें करतात. हिवाळ्याच्या पहिल्याच दिवशीं मालकास गाडी आजारी वाटते, आणि रोगाचें मूळ शेपटीसह बाहेर पडतें.

इंधनाचे दोष सर्वांत अधिक आढळतात. जुनें पेट्रोल आटून त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत बसतो. पेट्रोलांत थोडें पाणी शिरलें तर थंडींत त्याचे स्फटिक होऊन गाळणी तुंबते. पुष्कळ गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनाच्या पोटांतील हवेच्या स्पंदनांनीं चालतो. तीं स्पंदनें नेणारी बारीक रबरी नळी तडकली तर पंप अर्धवट काम करतो. येथें एक उदाहरण घेऊं. समजा, एक गाडी गोठलेल्या तळ्यावरून भरधांव चालली आहे. दहा मिनिटांनीं तिचा जोर ओसरतो. मालक थांबतो. थोड्या वेळानें पुन्हां सुरू करतांच ती पूर्ववत् धांवते, आणि पुन्हां दहा मिनिटांनीं तोच प्रकार. यावरून काय अनुमान निघतें ? ठिणगी व दाब हीं दहा मिनिटांच्या विश्रांतीनें सुधारण्याचा संभव कमी. परंतु इंधन मंद गतीनें झिरपत असेल तर विश्रांतींत तें पुन्हां सांठतें. तेव्हां पहिला संशय टाकीच्या श्वासनळीवर. ती बर्फानें बुजली तर पेट्रोल बाहेर जातें, पण त्याची जागा घेण्यास हवा आंत येत नाहीं. टाकीचें झांकण सैल करतांच ‘सूं’ असा आवाज होऊन इंजिन सुधारलें, तर निदान झालें. पेल्यांत बुडवून वरून बोटानें बंद केलेल्या नळींतील पाणी कां पडत नाहीं, हा आपला शाळेंतील प्रयोगच येथें दिसतो.

ठिणगीविषयीं तपासणी करतांना स्पार्क प्लग काढून त्याचें टोंक पाहावें. विशेषतः कार्ब्युरेटरच्या इंजिनांत तें पुष्कळ बोलतें. फिकट तपकिरी रंग असेल तर मिश्रण योग्य. काळें व ओलें असेल तर पेट्रोल किंवा तेल अधिक. पांढरें फटफटीत असेल तर पेट्रोल कमी व उष्णता फार. दोन सिलिंडरांपैकीं एक मुका झाला असेल तर गाडीचा आवाज बदलतो व जोर निम्म्याहूनहि कमी होतो. अशा वेळीं इंजिन बंद करून दोन्ही प्लगांची अदलाबदल करावी. दोष प्लगाबरोबर दुसऱ्या सिलिंडरांत गेला तर प्लगच वाईट. दोष जागच्या जागीं राहिला तर तार, इंधन किंवा दाब यांत बिघाड. पदरची कवडी न खर्चतां मिळणारें इतकें स्पष्ट उत्तर दुसरें क्वचितच असेल.

दाब मोजण्यास साधें मापक लागतें. दोन्ही सिलिंडरांचा दाब जवळ जवळ सारखा असावा. शेंकडा दहापेक्षां अधिक फरक दिसला तर दट्ट्या खरवडला आहे, कडीं चिकटलीं आहेत किंवा जोड गळत आहे असा संशय घ्यावा. येथें घरगुती उपाय संपतात व कारागिराचें काम सुरू होतें. राहिली धुराची वाट. नव्या टू-स्ट्रोक इंजिनांत त्या वाटेवर वेगाप्रमाणें उघडणारी एक झडप असते. ती काजळीनें बंद स्थितींत अडकली तर वरचा वेग गाठत नाहीं, आणि उघड्या स्थितींत अडकली तर आरंभींचा जोर मिळत नाहीं. काढून स्वच्छ केली कीं काम झालें.

यांत एक गोष्ट मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मिश्रणांत पेट्रोल अधिक झालें तर इंजिन मंद होतें, धूर काढतें, प्लग खराब करतें, पण बहुधा वांचतें. पेट्रोल कमी झालें तर मात्र तें अतिशय तापतें. टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोलबरोबर येणारें तेलच आंतील भागांस वंगण पुरवितें व येणारें इंधन त्यांस थंडहि ठेवतें. तें घटतांच दट्ट्याच्या माथ्यास भोंक पडतें किंवा तो सिलिंडरांत घट्ट चिकटून बसतो. म्हणून तळ्याच्या मध्यावर जोर कमी झाला तर ‘अजून थोडा जोर देऊन पाहूं’ हा विचार सर्वांत घातक होय.

आतां हवामानाचा परिणाम. थंड हवा दाट असते. शून्य अंशावरील हवेपेक्षां उणे ३० अंशांवरील हवेंत तितक्याच जागेंत सुमारें एक अष्टमांश प्राणवायु अधिक असतो. म्हणून सौम्य दिवशीं बरोबर लावलेला कार्ब्युरेटर कडक थंडींत इंधन कमी देऊं लागतो, व त्यांत मोठ्या छिद्राचा जेट बसवावा लागतो. उंचीवर याच्या उलट होतें. हवा विरळ झाल्यानें दर १,००० फुटांस इंजिनाची शक्ति शेंकडा तीनच्या सुमारास घटते. आपल्या देशांत काश्मीरमधील गुलमर्ग येथें प्रवाशांस हिमगाडीवर बसण्याची संधि मिळते. तें ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारें ८,७०० फूट उंच आहे. म्हणजे तेथें साध्या इंजिनाची जवळ जवळ पाव शक्ति कोणताहि बिघाड नसतांना नाहींशी झालेली असते. सियाचिनसारख्या हिमनदीवर आपल्या सैन्यानेंहि अशीं वाहनें वापरलीं आहेत. तेथें तर ही तूट पुष्कळच मोठी. आधुनिक गाड्यांतील संगणक मिश्रण आपोआप सुधारतो, पण नसलेली हवा तो कोठून आणणार ? त्यासाठीं हवा दाबून आंत भरणारा टर्बो पंप जोडावा लागतो.

बर्फाच्या मध्यभागीं इंजिन उष्णतेनें हैराण व्हावें, हें ऐकून आश्चर्य वाटेल. पाण्यानें थंड होणाऱ्या गाड्यांत उष्णता बाहेर टाकणाऱ्या पेट्या माळेच्या वर, गाडीच्या पोटाखालीं असतात. माळेनें उडविलेलें भुसभुशीत बर्फ त्यांवर आदळून त्या निवतात. परंतु तळ्यावरील कांचेसारख्या कठीण बर्फावर किंवा दाबून दगडासारख्या झालेल्या वाटेवर उडण्यास कांहींच नसतें. मग पाणी तापतें, आणि नव्या गाड्यांतील संगणक इंजिन वांचविण्यासाठीं त्याचा जोर मुद्दाम कमी करतो. अशा वेळीं यंत्र बिघडलेलें नसून शहाणपणानें वागत असतें. उपाय एवढाच कीं, वेग कमी करून कडेच्या मऊ बर्फांतून चालावें. बर्फ खरवडून उडविणारे पोलादी आंकडेहि याकरितां मिळतात.

तपासणी करतांना कांहीं नियम कधींहि मोडूं नयेत. पट्टा व क्लच यांस हात लावण्यापूर्वीं इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. उचललेल्या गाडीची माळ इंजिनानें फिरत असतां तिच्या मागें कोणीहि उभें राहूं नये, कारण तिच्यांतून उडालेला खडा बंदुकीच्या गोळीसारखा येतो. बंद कोठारांत इंजिन चालवूं नये, कारण त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो. एका वेळीं एकच बदल करावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानें आला तें कळत नाहीं. केलेला बदल व त्याचा परिणाम वहींत लिहून ठेवावा. आणि दूरच्या प्रवासास एकट्यानें जाऊं नये.

मित्रहो, या सर्व विवेचनांत एकच सूत्र आहे. अडाणी मनुष्य यंत्र अडलें कीं हातास येईल तो भाग बदलतो, आणि दैवानें तें चालूं लागलें तर त्यासच ज्ञान समजतो. शहाणा मनुष्य आधीं असा प्रश्न विचारतो कीं ज्याच्या उत्तरानें अर्धीं कारणें बाद होतील. फेरे पुरे आहेत कीं नाहींत ? माळ मोकळी आहे कीं जड ? दोष प्लगाबरोबर गेला कीं राहिला ? प्रत्येक उत्तरागणिक संशयाचें क्षेत्र आखडत जातें, आणि शेवटीं जें उरतें तें बहुधा एखादी बुजलेली नळी किंवा झिजलेला पट्टा, इतकें लहान असतें. आपल्या घरची स्कूटर, विहिरीवरील पंप किंवा शिवणाचें यंत्र पुढच्या वेळीं कुरकुर करूं लागेल तेव्हां मुलांनीं ही रीति अवश्य योजून पाहावी, आणि पालकांनीं त्यांच्या हातीं एक पाना व एक वही विश्वासानें द्यावी.